बोटांनाही पाहू द्या की!

संग्रहालयात शिरलं की पहिली गाठ पडते ती पाटीशी. ‘वस्तूंना हात लावू नये.’ कुठे लाल अक्षरांत, कुठे पत्र्यावर, कुठे नुसताच हाताचा पंजा आणि त्यावर फुली. आत काय आहे ते नंतर कळतं, काय करायचं नाही ते आधी! आणि गंमत अशी, की पाटी वाचेपर्यंत हात गप्प असतात, वाचली की शिवशिवायला लागतात. मैत्रिणींनो, खरं सांगा, आजूबाजूला कुणी नाही असं बघून एखाद्या दगडी हत्तीच्या सोंडेवरून तुम्ही कधी हळूच बोट फिरवलंय की नाही?

आपल्या हातांना ती सवयच आहे हो. साडीच्या दुकानात आपण साडी नुसती बघत नाही, पदर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पोत बघतो. तांदूळ मुठीत घेऊन बघतो, वांगं दाबून बघतो, पोराच्या कपाळावर तळवा ठेवून ताप बघतो. नीट लक्ष दिलं तर कळेल, मराठीत ‘बघू जरा’ म्हणताना आपण हात पुढे करतो. शेजारणीने नवीन बांगड्या केल्या की ‘बघू!’ म्हणतो, म्हणजे ‘हातात दे’. संग्रहालय मात्र आपल्याला सांगतं, बघा, पण तसं नाही.

यावर मी इतका विचार करायला लागले त्याचं कारण आमच्या धाकट्या नणंदबाई. मी त्यांना वन्संच म्हणते, आता कुणी म्हणत नाही तरी. सहा वर्षांच्या असताना त्यांना देवी आल्या आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. अंधशाळेत शिकल्या, ब्रेल शिकल्या, एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या. आमच्या घरातल्या सगळ्यांत चौकस बाई कोण, तर त्याच. बाजारातून आणलेली कोथिंबीर कालची की आजची, हे त्या पिशवीत हात घालून सांगतात.

काही वर्षांपूर्वी त्यांना घेऊन मी एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात गेले होते. एका दालनात जुन्या वाड्याचा कोरीव लाकडी खांब उभा होता. मी म्हटलं, ‘वन्सं, खांबावर वेलबुट्टी आहे, वर पोपट आहेत.’ त्यांचा हात आपसूक पुढे गेला. बोटं लाकडाला टेकतात न टेकतात, तोच मागून आवाज आला, ‘ओ मावशी, हात काढा! पाटी दिसत नाही का?’

वन्सं वळल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘नाही हो दादा, दिसत नाही.’

त्या रखवालदाराचा चेहरा असा पडला, की मलाच त्याची दया आली. पण बिचारा काय करणार! त्याला तेवढंच शिकवलेलं. ‘साहेबांना विचारावं लागेल,’ म्हणाला. साहेब रजेवर होते. मग पुढचे दोन तास मी वन्संना संग्रहालय ‘दाखवत’ होते. ही विष्णूची मूर्ती, उभी आहे, चार हात आहेत, दगडाची आहे. ही तलवार, मूठ सोन्याच्या मुलाम्याची आहे. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘वहिनी, राग मानू नका, पण तुम्ही मला वाण्याची यादी वाचून दाखवताय.’

खरंच होतं ते. रागावणार कशी?

बाहेर पडलो तर अंगणात भिंतीला टेकवून काही दगड उभे होते. वीरगळ आणि सतीशिळा. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाणारे, कबुतरांनी घाण केलेले. तिथे ना पाटी, ना रखवालदार. मी वन्संचा हात एका शिळेवर ठेवला आणि बाजूला झाले. त्यांची बोटं फिरत राहिली. ‘हात आहे हा. कोपरात वाकलाय. वर केलाय. वहिनी, बांगड्या आहेत!’ मग त्या थांबल्या. आजूबाजूला चाचपून म्हणाल्या, ‘आणि बाई कुठंय?’

बाई नव्हती. सतीशिळेवर पुष्कळदा नुसता हातच असतो, चुड्याने भरलेला, आणि वर चंद्र-सूर्य. तो चुडा म्हणजेच अहेवपणी गेलेली बाई. मी लहानपणापासून अशा शिळा पाहत आले, आमच्या गावच्या शिवाराबाहेरसुद्धा दोन आहेत. पण बाई कुठंय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वन्संनी एक एक बांगडी मोजली. मी गुपचूप उभी राहिले.

आता तुम्ही म्हणाल, मग काढून टाका त्या पाट्या! नाही. तसं मी म्हणणार नाही, कारण पाटी खोटं बोलत नाही. आपल्या हाताला घाम असतो, घामात मीठ असतं, त्वचेवर तेलकटपणा असतो. हात कितीही स्वच्छ दिसला तरी असतो. पितळ, कांसं, चांदी, लोखंड यांवर ते मीठ बसलं की हळूहळू धातू खायला लागतं, आणि बोटाचा ठसा कायमचा उमटून राहतो. संगमरवर वरून गुळगुळीत दिसतो, पण त्याला बारीक छिद्रं असतात. ते तेल आत मुरतं आणि पांढरा दगड पिवळट, मळकट होत जातो. आपल्याला हे कुणी प्रयोगशाळेत शिकवायची गरज नाही. लोणच्याच्या बरणीत आपण कुणाला ओला हात घालू देतो का? लग्नातली जरीची साडी घामासकट घडी करून ठेवली, तर दोन वर्षांनी जर काळी पडलेली सापडते की नाही? संग्रहालयातली पैठणी तर दोनशे वर्षं जपलेली, आणि तिला हात लावणारे वर्षाला हजारो.

अजिंठ्याचंच घ्या. तिथल्या भिंतींवर आधी मातीचा गिलावा आहे. त्यात भाताचं तूस, गवताचे, झाडपाल्याचे धागे मिसळलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. ज्यांनी कधी मातीची भिंत लिंपली आहे त्यांना बरोबर कळेल, अशा भिंतीला नुसतं नख लागलं तरी काय होतं ते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तिथे पोहोचला आणि त्याने १० क्रमांकाच्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख खरडली. ती अजून आहे. म्हणजे ‘पप्पू लव्ह पिंकी’ची परंपरा आपल्या पोरांनी सुरू केलेली नाही! आता संरक्षित स्मारकाची अशी नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण पकडतो कोण, हा प्रश्न वेगळा.

स्पर्शाने दगड झिजतो का? झिजतो. आपल्या विठोबालाच विचारा की! पंढरपुरात पायांवर डोकं टेकवायला मिळतं, हे तर त्याचं मोठेपण. पण लाखो हातांनी आणि कपाळांनी ती पावलं झिजत आली. म्हणून मूर्तीला वज्रलेप करावा लागला, १९८८ मध्ये, २००५ मध्ये, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये. कोरोनात पदस्पर्श बंद झाला, तो २०२२ च्या गुढीपाडव्याला सुरू झाला. २०२४ मध्ये मंदिराच्या जतनाचं काम निघालं, तेव्हाही मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत लांबूनच दर्शन घ्यावं लागलं. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एक आजी पंढरपूरला जाऊन आल्या. मी विचारलं, ‘कसं झालं दर्शन?’ तर म्हणाल्या, ‘झालं बाई, टीव्हीत बघितल्यासारखं.’ उज्जैनच्या महाकाळाच्या पिंडीचंही तेच. ती झिजते म्हणून भाविकांनी पिंड चोळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२० मध्ये सांगावं लागलं. रोममधल्या मोठ्या चर्चमध्ये संत पीटरचा ब्राँझचा पुतळा आहे. शतकानुशतकं लोकांनी पाय शिवून, ओठ टेकून त्याच्या उजव्या पायाची बोटं सपाट करून टाकली आहेत. भक्ती सगळीकडे सारखीच, आणि दगड-धातूही सारखेच.

पंढरपूरचा विषय निघाला म्हणून एक सांगते. त्याच पावलांना स्पर्श करायला तिथल्या कितीतरी जातींना १९४७ पर्यंत मज्जाव होता. साने गुरुजींनी त्या वर्षीच्या मे महिन्यात उपोषण केलं, तेव्हा कुठे दार सगळ्यांसाठी उघडलं. आपल्याकडे ‘शिवू नको’ हा शब्द दगड जपण्यासाठी फार कमी वेळा वापरला गेला. माणसांना लांब ठेवायलाच जास्त. आपण बायकांनीही तो महिन्याचे चार दिवस ऐकलाय. ‘कावळा शिवला’ म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या, लोणच्याला, पापडाला, देवाला हात न लावू दिलेल्या बायका हे वाचत असतील. म्हणूनच संग्रहालयातली पाटी मला एका बाबतीत बरी वाटते. ती सगळ्यांना एकसारखी आहे. कलेक्टरीणबाईंनीही हात लावायचा नाही आणि मीही लावायचा नाही. पण वन्संपाशी आली की तीच पाटी एकसारखी राहत नाही. मला ती फक्त हात लावू नको म्हणते. त्यांना ती पाहूच नको म्हणते. कागदावर नियम एक, पण एकीचं अर्धं दार बंद आणि दुसरीचं पूर्ण.

आणखी एका स्पर्शाबद्दल बोलायला हवं. या पानावर नाही बोलायचं तर कुठे? वेरूळला जा, कुठल्याही जुन्या देवळात जा, संग्रहालयाच्या मोकळ्या अंगणात जा. स्त्रीमूर्तींची छाती बघा. बाकी मूर्ती धुळकट, काळपट, पण तेवढाच भाग हात फिरून फिरून चकाकणारा. हा भक्तीचा स्पर्श नव्हे आणि कुतूहलाचाही नव्हे. कुठला, ते आपल्याला कुणी सांगायला नको, एसटीच्या गर्दीत तो आपल्याला कळलेला आहे. शाळेच्या सहलीत पोरं खिदळत असतात आणि पोरी माना खाली घालून पुढे सरकतात.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. इटलीत व्हेरोना शहरात ज्युलिएटचा ब्राँझचा पुतळा आहे. तिच्या उजव्या छातीला हात लावला की प्रेमात यश येतं, असं कुणीतरी उठवलं आणि लोक रांगा लावायला लागले. १९७२ मध्ये उभारलेला तो पुतळा इतका झिजला आणि तडकला, की २०१४ मध्ये मूळ पुतळा आत नेऊन बाहेर नक्कल ठेवावी लागली. आयर्लंडच्या डब्लिन शहरात मॉली मलोन नावाच्या मासळी विकणाऱ्या बाईचा पुतळा आहे, गाण्यातली बाई ती. तिचीही तीच गत! शेजारी उभी राहून गाणाऱ्या एका तरुण मुलीने आवाज उठवला, आणि २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या महापालिकेने पुतळ्यापाशी काही दिवस चक्क माणसं उभी केली, लोकांना समजावून सांगायला. ज्यांना वाटतं ‘पुतळाच तर आहे, त्याला काय कळतंय’, त्यांनी त्या मुलीला काय कळलं ते विचारावं.

तर हात वेगवेगळे असतात. भक्ताचा वेगळा, टवाळाचा वेगळा, आंधळ्याचा वेगळा आणि पोराचा तर फारच वेगळा. २०२४ च्या ऑगस्टमधली इस्रायलच्या हैफा शहरातली गोष्ट तुम्ही कदाचित वाचली असेल. तिथल्या संग्रहालयात दाराजवळच एक मातीचा रांजण ठेवलेला होता, किमान साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, अखंड. काच नाही, काही नाही. लोकांना वस्तू जवळून बघता याव्यात, असं त्या संग्रहालयाचं मूळ धोरणच आहे. चार वर्षांचा एक मुलगा आला. आत काय आहे ते त्याला बघायचं होतं, म्हणून त्याने रांजण जरा ओढला. झालं! तुकडे तुकडे. त्याच्या आईचं काय झालं असेल, याची कल्पना करूनच माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे आधी पोराला दोन धपाटे आणि मग आईचा उद्धार झाला असता. तिथल्या लोकांनी काय केलं? मुलाला आणि आईबापांना पुन्हा बोलावलं, संग्रहालय दाखवलं, रांजण जोडायला घेतला. आणि यानंतरही सगळं काचेत कोंबणार नाही, असं सांगितलं. मला हे फार आवडलं. अर्थात, साडेतीन हजार वर्षांचा रांजण माझ्या घरचा असता तर इतकं आवडलं असतं का, ते सांगता येत नाही!

मोठ्या माणसांना मात्र ही सूट नको. इटलीतच पोस्सान्यो गावी कानोव्हा या शिल्पकाराचं संग्रहालय आहे. तिथे नेपोलियनच्या बहिणीचं, पाउलिनाचं, प्लास्टरचं शिल्प आहे. ती मंचकावर रेललेली. जुलै २०२० मध्ये एक ऑस्ट्रियन पर्यटक फोटो काढायला तिच्या मंचकावर टेकला आणि पाउलिनाच्या पायाची बोटं मोडली. गुपचूप उठून निघून गेला. पण कोरोनामुळे प्रत्येकाचं नाव-पत्ता लिहून घेत होते, म्हणून सापडला. नोंद बायकोच्या नावावर होती, त्यामुळे पोलिसांचा फोन आधी तिला आला! वाचून मी मनात म्हटलं, कुठल्याही देशात जा, निस्तरायला बायकोच.

मग वन्संसारख्यांनी करायचं काय? याचं उत्तर लोकांनी केव्हाच शोधलंय, आपल्यापर्यंत ते पोहोचत नाही इतकंच. इटलीतल्या अँकोना शहरात आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी हे नवराबायको राहतात, दोघंही अंध. दोघांना प्रवासाची हौस, पण जिथे जावं तिथे ‘हात लावू नका’. शेवटी त्यांनी ठरवलं, आपणच असं संग्रहालय काढायचं जिथे सगळ्याला हात लावायचा. १९९३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने ते सुरू केलं, आणि १९९९ मध्ये कायदा होऊन त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. नाव होमरचं, कारण हा ग्रीक कवी अंध होता असं मानतात. तिथे जगप्रसिद्ध शिल्पांच्या मापाबरहुकूम नकला आहेत, मोठमोठ्या चर्चच्या प्रतिकृती आहेत, आणि आजच्या शिल्पकारांची अस्सल कामंही आहेत. डोळस माणसंही जातात.

चित्राला तर हात लावून काय कळणार, असं मला वाटायचं. पण माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये सहा चित्रांच्या उठावदार नकला करून भिंतीवर लावल्या. नाक वर, गाल खाली, कापडाची चुणी वेगळी, अशा. मोनालिसाची त्यांच्याकडची प्रतही त्यांत होती. आणि एका चित्राचं नावच मुळी ‘मला स्पर्श करू नकोस’ या अर्थाचं होतं. येशूचं चित्र ते, कोरेज्जिओ या चित्रकाराचं. ते चित्र निवडणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानेही २०१५ मध्येच ‘अनुभव’ नावाचं दालन उघडलं. तिथे निवडक वस्तूंच्या २२ नकला, हात लावून बघायच्या, ब्रेलमध्ये माहितीसकट. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काही दालनांत मेज मांडलेलं असतं, शेजारी स्वयंसेवक असतो, आणि तो अस्सल जुनी वस्तू तुमच्या हातात देतो. नाणं असेल, दगडी हत्यार असेल. देणारा समोर असला की घेणाराही जपून धरतो, हे आपल्याला तान्ही बाळं हातात देऊन-घेऊन माहीतच आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो २०१६ चा कायदा आहे, त्यात कला त्यांच्यापर्यंत पोहोचवणं हे सरकारचं काम म्हणून लिहिलेलं आहे. म्हणजे हे कुणावर उपकार नाहीत.

माझं म्हणणं इतकंच, की पाटी एकच नको. ठिसूळ, रंगवलेलं, कापडाचं, कागदाचं, ते काचेतच राहू दे. तिथे मी रखवालदाराच्या बाजूने. (हातमोजे घातले की सगळं चालतं, असंही नाही. जुन्या पोथ्या हाताळताना तर जाणकार स्वच्छ, कोरडे, उघडे हातच बरे म्हणतात. मोज्याने पानाचा अंदाज येत नाही आणि ते फाटतं.) पण काळा पाषाण, तीसुद्धा अंगणात पावसात उभी असलेली शिळा, तिला दिवसातून दहा अंध माणसांनी धुतलेल्या हातांनी शिवलं तर काय बिघडणार आहे?

आणि ज्या वस्तू हातासाठीच घडवल्या त्यांचं काय? पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात मी गेले की तासन् तास रमते. दिनकर केळकर आणि कमलाबाई या जोडप्याने आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला, वीस हजारांहून जास्त वस्तू. त्यांत राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा आपल्या आज्यांच्या वस्तू जास्त. अडकित्ते, करंडे, पाय घासायच्या वज्र्या, दिवे, कंगवे. काचेपलीकडच्या अडकित्त्याकडे बघताना कळत नाही, की तो जड आहे का हलका, कडक चालतो का अलगद. ते फक्त मुठीला कळतं. सातारा जिल्ह्यात औंधला भवानरावांनी १९३८ मध्ये काढलेलं संग्रहालय आहे. रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं आहेत आणि चक्क हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल असं दगडी शिल्प आहे. त्या मूर यांना शिल्पाचा स्पर्शच फार मोलाचा वाटायचा. बार्बरा हेपवर्थ ही त्यांच्याच काळातली थोर शिल्पकार बाई, तीही हातानेच विचार करणारी. आई आणि मूल हे शिल्प ज्याला हात न लावता कळतं, त्याने कधी मूल कडेवर घेतलेलं नसावं!

आमच्या गावाला असं काही नाही. पण गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाने नगर वाचनालयात जुन्या वस्तूंचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. ज्याच्या घरी जे असेल ते आणायचं. आणि पहिल्याच बैठकीत ठिणगी पडली ती नेमकी याच पाटीवरून. एकीने आजेसासूबाईंची पैठणी द्यायची कबूल केलेली. ती म्हणाली, ‘कुणाचा हात लागणार असेल तर मी देत नाही, आत्ताच सांगते.’ निवृत्त शिक्षिका असलेल्या दुसरी म्हणाल्या, ‘नुसतं बघायचंच असेल तर फोटो लावा की, वस्तू कशाला आणता?’ एक तास भांडण चाललं. चहा गार झाला.

शेवटी दोन भाग केले. पैठणी, पोथ्या, गंजिफाचे पत्ते आणि काचेच्या बांगड्या वाचनालयाच्या काचेच्या कपाटात. दगडाचं, लोखंडाचं, पितळेचं, लाकडाचं सगळं उघड्या मेजावर. दाराशी बादली, साबण आणि टॉवेल. ‘हात धुऊन, पुसून आत यावे.’ अंगठ्या, कडी काढायला एक ताटली. वन्संनी पुठ्ठ्यावर ब्रेलमध्ये चिठ्ठ्या टोचून दिल्या आणि मेजापाशी खुर्ची टाकून त्याच बसल्या, वस्तू दाखवायला. शाळेची पोरं आली तर त्या म्हणायच्या, ‘डोळे मिटा आणि सांगा.’ पोरं ताकाच्या रवीला बॅट म्हणाली, चिपट्याला पेनस्टँड!

पण खरी मजा म्हाताऱ्या बायकांनी आणली. ऐंशीच्या पुढच्या एक आजी आल्या. लाकडी माप बघितलं, उचललं, आणि त्यात धान्य असल्यासारखा वरून तळवा फिरवला. म्हणाल्या, ‘द्यायचं असलं की असं शीग लावून आणि घ्यायचं असलं की असं सपाट. सावकाराचं उलटं!’ आम्ही त्या वस्तूखाली नुसतं ‘धान्य मोजण्याचे माप’ लिहिलं होतं. दुसऱ्या एकीने जात्याचा खुंटा धरला आणि लगेच सांगितलं, की हा डावखुऱ्या बाईचा आहे, झीज बघा कुठल्या अंगाला आहे ती. जात्याची मालकीण बघतच राहिली. तिची आजी डावखुरी होती, हे तिला आईने सांगितलेलं होतं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गर्दीत एका फणीकरंड्याच्या पेटीचं झाकण कुणाच्या तरी हातून धाडकन पडलं आणि आतल्या आरशाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. कुणी पाडलं ते कळलं नाही. पेटी आमच्याच मंडळातल्या एकीच्या पणजीची. सागवानी, खालच्या खणात अजून कुंकवाचा रंग मुरलेला. ती काही बोलली नाही. पेटी पदराने पुसली, पिशवीत घातली आणि घरी गेली. पुढचे दोन महिने भिशीला आली नाही. पैठणीवालीने ‘मी सांगत होते’ असं म्हटलं नाही, हे तिचं मोठेपण. निवृत्त बाई मात्र अजूनही म्हणतात, की मेज उघडंच ठेवायचं, फक्त एका वेळी पाचच जणांना आत सोडायचं.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा प्रदर्शन आहे. परवा पेटीवालीचा निरोप आला. पेटी देते म्हणाली, पण काचेच्या कपाटात, कुलूप लावून, आणि किल्ली तिच्याकडे राहील. आरसा बदललेला नाही, तडा तसाच ठेवलाय. आणि वन्संना त्याआधी एक दिवस तिच्या घरी बोलावलंय, दुपारच्या चहाला, आरसा सोडून बाकी पेटी सावकाश बघायला.